हजेरीचं रजिस्टर मागायचं कसं?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या सभासदाचा चार दिवसांचा पगार कापला. युनियननं विचारलं, तर एचआर म्हणतो, 'रेकॉर्ड गोपनीय आहे.'

उत्तर : तोंडी मागणं आधी बंद करा. 'सगळं रेकॉर्ड द्या' असंही लिहू नका, टोलवायला सोपं जातं. त्या महिन्याचं हजेरीपत्रक, पंचिंगची नोंद, कपातीचा आदेश, एवढंच मागा. कशासाठी ते एका ओळीत, उत्तराची मुदत ठळक. सभासदाची सही केलेली संमती जोडा. मग कसलं गोपनीय? अन् पोच घेतल्याशिवाय गेटवरून हलू नका. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र खासगी कंपनीकडे चालत नाही. तरी नाहीच दिलं, तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात वाद दाखल करा. तिथला समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, संबंधित कागद मागवू शकतो.