राज्यच लष्कराचं, मग 'बंड' कोणाविरुद्ध?

प्रश्न असा आहे: "थायलंडच्या २०१९च्या निवडणुकीविषयीचं एक जुनं कात्रण वाचत होतो. मथळा होता, 'निवडणुकीपूर्वी थायलंडमध्ये लष्करी बंडाची भीती'. पण तिथे २०१४पासून लष्कराचीच राजवट होती ना? मग लष्कर बंड करणार कोणाविरुद्ध? इथे 'उठाव' हवा होता का? की 'सत्तापालट'?"

प्रश्नकर्त्याचं बोट नेमक्या जागी पडलं आहे. मथळा खटकतो, कारण मराठीत बंड नेहमी खालचा वरच्याविरुद्ध करतो. उमाजी नाईकांचं बंड, भिल्लांचं बंड, कोल्हापूरकडचं १८४४चं गडकऱ्यांचं बंड, कुठलंही घ्या. वर एक धनी आहे, त्याचा हुकूम मोडून कोणीतरी उभं राहिलं आहे आणि ते 'बंड' आहे हे ठरवणाराही बहुतेक तो धनीच. शब्दासोबत येणारी क्रियापदंही तेच सांगतात: बंड पुकारतात, बंड फसतं, बंड मोडून काढतात. बंड जिंकलं, किंवा पुढे कोणी त्याची बाजू घेतली, की त्याचं नाव बदलण्याची खटपट सुरू होते. १८५७ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, हा वाद त्यातलाच. २०२२मध्ये शिंदे गटातले आमदार 'हे बंड नाही, उठाव आहे' असं सांगत होते, तेव्हा तेही हीच छटा झटकत होते. तिकीट न मिळाल्यावर अपक्ष उभा राहणारा मात्र आपल्याकडे बिनतक्रार 'बंडखोर'.

उलट १७७४चे बारभाई पाहा. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके ही मंडळी राज्यातलीच कारभारी. राघोबादादा मोहिमेवर असताना त्यांनी सत्तेची सूत्रं फिरवली, तर त्याला नाव पडलं 'कारस्थान'. राघोबाच्या बाजूने ते बंड असेलही, पण रूढ झालं ते कारस्थानच. आतल्या माणसांनी आतून डाव उलटवला की जुनी मराठी 'बंड' म्हणायला बिचकते, असं मला वाटतं.

आता थायलंड. खुद्द थाई भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही आपल्या ओळखीचे निघतात. एक 'रत्थप्रहान'. रत्थ म्हणजे पालीतलं रट्ठ, आपलं राष्ट्र. प्रहान म्हणजे प्रहार. थाईत शब्दाच्या शेवटी 'र' आला की उच्चार 'न' होतो, म्हणून नगरचं 'नखोन' होतं आणि प्रहारचं 'प्रहान'. इंग्रजीत अशा वेळी वापरतात त्या 'कू देता' (coup d'état) या मूळ फ्रेंच संज्ञेचा अर्थही राज्यावरचा घाव असाच आहे. दुसरा शब्द 'कबोत', म्हणजे संस्कृत कपट. सत्ता उलटवायचा डाव साधला तर सहसा रत्थप्रहान, फसला तर कबोत. फरक निव्वळ निकालाचा. साधलेल्यांना माफी मिळते, फसलेल्यांवर राजद्रोहाचा खटला चालतो.

१९५१ या एकाच वर्षात दोन्ही घडलं. २९ जूनला बँकॉकमध्ये 'मॅनहॅटन' नावाचं अमेरिकन गाळउपसा जहाज थायलंडच्या ताब्यात देण्याचा समारंभ चालू होता. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी तिथेच पंतप्रधान फिबून यांना बंदुकीच्या धाकाने पकडलं आणि 'श्री अयुध्या' या युद्धनौकेवर नेऊन ठेवलं. पंतप्रधान आत असतानाच हवाई दलाने त्या नौकेवर बॉम्ब टाकले आणि फिबून पोहून किनाऱ्याला लागले. हे कबोत. मराठीत डोळे मिटून 'नौदलाचं बंड' म्हणावं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लष्करातल्या सत्ताधारी मंडळींनी रेडिओवरून घोषणा करून १९४९ची राज्यघटना रद्द केली. पंतप्रधान कोण राहिले? फिबूनच. १९७१मध्ये थानोम कित्तिकाचोर्न यांनी तर स्वतःच पंतप्रधान असताना संसद बरखास्त केली, घटना गुंडाळली आणि स्वतःच्या गटाला नाव दिलं 'खना पतिवत'. खना म्हणजे गण, पतिवत म्हणजे क्रांती. सत्ता बळकावणाऱ्यांना क्रांती हा शब्द फार आवडतो. जुन्या मराठी लिखाणातही 'लष्करी क्रांती' सापडते, ती आता वापरू नये. थाई माणसाकडे या प्रकाराला 'स्वतःविरुद्धचं रत्थप्रहान' असा सरळ शब्दप्रयोग आहे.

हे माहीत असलं की २०१९ची भीती समजते. २२ मे २०१४ला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल प्रयुत चान-ओचा यांनी सत्ता घेतली. दोनच दिवस आधी मार्शल लॉ पुकारताना लष्कराने 'हे सत्ता घेणं नव्हे' असा खुलासा केला होता. पुढे निवडणूक पुन्हा पुन्हा लांबली आणि अखेर २४ मार्च २०१९ ही तारीख ठरली. लष्करप्रमुख अपिरात कोंगसोमपोंग यांनी ऑक्टोबर २०१८मध्येच, राजकारणामुळे दंगली झाल्या नाहीत तर काही होणार नाही, असं म्हणून दार किलकिलं ठेवलं होतं. १९९१ला सत्ता उलटवणारे जनरल सुन्थोर्न हे त्यांचे वडील, त्यामुळे लोकांनी ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही.

८ फेब्रुवारीला 'थाई रक्सा चात' या विरोधी पक्षाने राजाची थोरली बहीण उबोलरत्न हिला पंतप्रधानपदाची उमेदवार म्हणून पुढे केलं. त्याच रात्री राजाने ते अत्यंत अनुचित ठरवलं. नंतरच्या दोन-तीन दिवसांत चिलखती गाड्या निघाल्याच्या बातम्या फिरल्या, सेनाप्रमुखांना हटवल्याचा बनावट आदेशही फिरला. सगळं खोटं आहे, असं प्रयुतना सांगावं लागलं. ७ मार्चला घटना न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला. (रक्सा म्हणजे रक्षा, चात म्हणजे जाति, थाईत त्याचा अर्थ राष्ट्र. गंमत अशी की प्रयुत यांच्या सत्ताधारी लष्करी मंडळाच्या अधिकृत नावातही हेच दोन शब्द होते.)

विरोधकांना त्या सुमारास लष्कराकडून काय ऐकावं लागत होतं, तेही शब्दप्रेमींनी टिपून ठेवावं. फ्य थाई पक्षाने संरक्षण खर्चात कपात सुचवली, तेव्हा अपिरात म्हणाले, जाऊन 'नक फेन्दिन' ऐका. हे सत्तरच्या दशकातलं कम्युनिस्टविरोधी गाणं. नक म्हणजे जड, फेन्दिन म्हणजे भूमी. इंग्रजी बातम्यांनी त्याचं भाषांतर 'देशाची घाण' अशा अर्थाने केलं. मराठीत त्याला तंतोतंत शब्द तयार आहे: 'भुईला भार'. इंग्रजीवरून उलथा केला की तो हुकतो.

तर मथळ्याचं काय? त्या आठवड्यातली एक अफवा अशी होती की सैन्यातलाच एखादा गट प्रयुतना हटवेल. तेवढ्यापुरतं 'बंड' चालेल, कारण तिथे खालचा वरच्यावर उठतो. पण प्रयुत आणि सेनाप्रमुख मिळून निवडणूकच गुंडाळतील, या भीतीला ते लागू पडत नाही. 'उठाव' त्याहून चुकीचा. त्याला जनतेचा वास आहे. 'सत्तापालट' आपण मतपेटीतून झालेल्या बदलालाही म्हणतो, म्हणून त्याच्या आधी 'लष्करी' जोडावंच लागतं, आणि इथे तर सत्ता पालटणारच नव्हती. हिंदीतून आलेल्या 'तख्तापालट'ची अडचणही तीच.

मी 'घाला' सुचवेन. घटनेवर घाला, लोकशाहीवर घाला हे आपण रोज म्हणतो. घाला घालणारा वरचा की खालचा, आतला की बाहेरचा, याची या शब्दाला फिकीर नाही, आणि अर्थाने तो 'प्रहार'च्या शेजारीच बसतो. 'निवडणुकीवर लष्कराचा घाला पडण्याची भीती' असा मथळा असता तर प्रश्नकर्ता अडखळला नसता.

प्रत्यक्षात घाला पडला नाही. मतदान ठरल्या दिवशी झालं आणि ५ जूनला संसदेने प्रयुतना ५०० विरुद्ध २४४ मतांनी पंतप्रधान निवडलं. लष्करी मंडळाच्या पसंतीने नेमलेले २५० सेनेटरही त्यात मतदार होते. याला मात्र मराठीत बंड, घाला, पालट यातलं काहीच म्हणता येत नाही. 'सत्ता राखली' एवढंच म्हणावं लागतं.