वाचक विचारतात : वेगळं मंडळ काढलं की फूट पडते का?

प्रश्न : कॉलेजात मराठी विद्यार्थी मंडळ काढायचं म्हटलं की 'फूट पाडता' असं ऐकावं लागतं. अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांत कृष्णवर्णीय मुलांनीही संघटना काढल्या होत्या ना? त्यांना ते कसं जमलं?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : तिकडे मागे गुलामगिरीचा इतिहास, आपल्याकडे भाषेचा आणि प्रांतरचनेचा वाद. दोन्ही एकाच तराजूत घालू नका. पद्धत मात्र उचलण्याजोगी आहे.

एप्रिल १९६८मध्ये कोलंबिया विद्यापीठात हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्या साथीदारांना दुसरी इमारत गाठायला सांगितलं. कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीलगतच्या मॉर्निंगसाइड पार्कात विद्यापीठ बांधणार असलेल्या जिमखान्याला त्यांचा विरोध होता, आणि तो व्हिएतनाम युद्धविरोधी गर्दीत हरवायला नको होता. तो जिमखाना पुढे झालाच नाही.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आधी मागणीपत्र गेलं. उत्तर पटलं नाही, तेव्हा ३ मे १९६८ला शंभरावर कृष्णवर्णीय मुलांनी फी-हिशेबाच्या कचेरीत ठिय्या दिला. ३८ तासांत लेखी करार झाला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश, अभ्यासक्रम... मागितलेलं बहुतेक सगळं विद्यापीठाच्याच हातातलं होतं, हे विसरू नका. कॉर्नेल विद्यापीठात १९६९ला कृष्णवर्णीय मुलांनी ताब्यात घेतलेल्या इमारतीत गोरी मुलं घुसली होती, म्हणून आतल्यांनी बचावासाठी बंदुका आणवल्या. मागण्या पदरात पडल्या, पण जगभर छापून आला तो बंदुकांचा फोटो.

आता तुमचं निवेदन. एकच पान, तीन-चार मागण्या. खोली, सूचनाफलक, ग्रंथालयातली मराठी पुस्तकं हे प्राचार्यांकडे मागा. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, म्हणून त्याचं पत्र तुमच्या भागातल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला वेगळं द्या. दोन्ही एकत्र घातलं की 'हे माझ्या हातात नाही' म्हणून अख्खा कागद फायलीत जातो. सोबत कन्नड प्रत जोडा. त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, नाहीतर महिन्याभराने 'कुठलं निवेदन?' असं विचारतील. उत्तरासाठी तारीख लिहा. चर्चेला तिघं जा. त्यातल्या एकीने बोलायचं नाही, फक्त लिहायचं. ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने कळवा.

आपली भाषा जपण्याचा हक्क घटनेच्या कलम २९(१)मध्ये आहे, तो निवेदनात नमूद करा. सभासदत्व मात्र सगळ्यांना खुलं ठेवा. कन्नड मैत्रीण मंडळात असली की फुटीचा आरोप टिकत नाही.

आणि हे सगळं एक नोव्हेंबरच्या आसपास नको. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन एकाच तारखेला. त्या आठवड्यात साधी खोली मागितली तरी गोष्ट सीमाप्रश्नावर जाते.