टेक्सासमध्ये चितळाच्या शिकारीसाठी .३०८ रायफलीला कोणती गोळी? तीच सांगलीत चालेल का?

१५० ग्रेन वजनाची सॉफ्ट पॉइंट गोळी घ्या. तिचं शिशाचं टोक उघडं असतं. आत शिरलं की पसरतं, जखम रुंद होते. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी नकोच. ती बऱ्याचदा न पसरता आरपार जाते आणि जखमी जनावर लांब पळतं. नेम पुढच्या पायामागे, फुफ्फुसावर. मटण खाणार असाल तर निव्वळ तांब्याची बरी, मांसात शिशाचे कण राहत नाहीत. (चितळ मूळचं आपल्याकडचंच, तिकडं १९३२ साली नेलेलं.)

सांगलीत? अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. सागरेश्वर अभयारण्यातली हरणं शाळू खातात, मान्य. वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते, हेलपाटे मारावे लागतात एवढंच.