मोजे काढायला सांग

चि.स अनेक आशीर्वाद.

इथे अमेरिकेत माजी सैनिकांचे अपंगत्वाच्या भरपाईचे क्लेम भरून द्यायचं काम तू हाती घेतलंस, बरं वाटलं. मधुमेहाची पहिली फाइल आली की घाई करू नकोस. युद्धकाळात व्हिएतनाममध्ये तैनात असलेल्याला टाइप 2 मधुमेह झाला, तर तो एजंट ऑरेंजमुळे, म्हणजे तिथे फवारलेल्या तणनाशकामुळे, असं व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) 2001 पासून गृहीत धरते. तिथे भांडावं लागत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन, वर पथ्य, की अपंगत्व 20 टक्के. नवशिके तिथेच खूश होतात.

खरी मेख पायांत असते. मधुमेहाने झालेल्या नसांच्या नुकसानीचे टक्के वेगळे, तेही प्रत्येक पायाचे वेगळे. पण ही म्हातारी माणसं आपणहून बोलत नाहीत. "पाय कसे आहेत?" "ठीक." माझ्याकडे आलेल्या एका आजोबांना मी मोजे काढायला सांगितले, तर बुटातून नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक पडलं. सकाळपासून ते त्यावर चालत होते! टाचेला खळगा पडलेला, त्यांना पत्ता नाही. क्लेममध्ये पायांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

म्हणून नेमकं विचार: रात्री चादर लागली तरी आग होते का? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? नुसता बधिरपणा असेल तर तो सौम्य, फार तर मध्यम धरतात, म्हणजे पायामागे 10 किंवा 20. मधुमेहाचे 40 हवेत तर इन्सुलिन आणि पथ्यासोबत 'श्रमाची कामं टाळा' असं डॉक्टरांनी लिहिलेलं लागतं. आजोबांनी आपल्या मनाने बागकाम सोडलं, तर ते धरत नाहीत.

आता हिशेब. मधुमेह 20, पाय 20 आणि 20. आपल्या बेरजेने 60, पत्र येतं 50 चं. कारण दुसरा आकडा उरलेल्या 80 मधून काढतात. दोन पायांचे 36, जोडीचे म्हणून दहावा हिस्सा वाढवून 40, त्यात मधुमेह त्याच रीतीने मिळवून 52, आणि ते उतरतं 50 वर. हे आधीच कागदावर मांडून दाखव, नाहीतर माणूस तुझ्यावर डाफरतो. मी खाल्लीत बोलणी.

कागद जमेपर्यंत थांबूही नकोस. 'क्लेम करणार आहे' एवढी सूचना पहिल्याच भेटीत पाठव. वर्षाच्या आत पूर्ण क्लेम गेला, तर पैसे साधारणपणे त्या तारखेपासून धरतात. आजोबांची सूचना मी ते चाक टेबलावर ठेवूनच भरली.

तुझा,
काका