विश्वस्तांना विचार, कोणतं कलम?

प्रिय मैत्रिणी,

संस्थेचं एफसीआरए नूतनीकरण, म्हणजे परदेशातून देणग्या घ्यायला कायद्याने लागणाऱ्या नोंदणीचं नूतनीकरण, अडकलंय आणि विश्वस्त म्हणतात, ‘सध्या माहिती अधिकाराचे अर्ज नकोत, मोर्चा तर नकोच’, असं तू लिहिलंस. नूतनीकरणाची काळजी मलाही आहे, पण विश्वस्तांच्या बोलण्याने मी जास्त अस्वस्थ झाले. लेखी मनाई कुणीच केलेली नाही, तरी काम थांबलं.

सरकारला हिशेब मागायचा अधिकार आहे, याबद्दल वाद घालू नकोस. लोकांच्या नावाने पैसा घ्यायचा तर पावत्या, ऑडिट, वार्षिक विवरण सगळं वेळेवर गेलंच पाहिजे. पैसे खाणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण नियम वाचताना एवढं बघ की त्यातून पैशाची वाट दिसते, की कामाचीच वाट अडते.

या कायद्यातली २०२० ची दुरुस्ती घे. परकीय निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. ऐकायला चांगलं वाटतं. पण भाडं, वीजबिल, हिशेब ठेवण्याचा खर्च, वकिलाची फी, सगळं त्यातच बसवायचं. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा निधी देण्यावर पूर्ण बंदी आली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिनेच केलं. दुर्गम भागात चार-पाच जणांनी चालवलेली संस्था स्वतःची नोंदणी, दिल्लीतल्या ठरावीक शाखेतलं खातं, दर पाच वर्षांचं नूतनीकरण हे सगळं कुठून सांभाळणार? ती मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या निधीवर तग धरून होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली, म्हणजे ती आता पाळायचीच आहे. पण न्यायालयाने वैध म्हटलं म्हणून ती शहाणपणाची होत नाही.

राजकीय पक्षांना मात्र वेगळा न्याय मिळाला. भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परकीय देणग्या घेताना १९७६ चा जुना एफसीआरए कायदा मोडला, असं २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून ‘परकीय स्रोता’ची, म्हणजे कुणाचा पैसा परकीय मानायचा याची, व्याख्या सैल झाली, तीही मागच्या तारखेने, थेट १९७६ पासून लागू. सत्ता मागणाऱ्यांना मोकळीक आणि सत्तेला प्रश्न विचारणाऱ्यांना जाच, याची मला मनापासून चीड येते.

प्रश्न विचारल्याने काय होतं, ते बघ. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात जनसुनावण्या घेतल्या. गावासमोर सरकारी कामावरच्या मजुरांचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, मोठ्याने वाचायचं आणि ज्याचं नाव येईल त्याला विचारायचं, ही मजुरी तुला मिळाली का? कामावर कधी न गेलेल्यांच्या नावापुढे हजेरी आणि पैसे लागलेले निघाले. २००५ चा माहिती अधिकार कायदा अशा प्रश्नांतून उभा राहिला. निवडणूक पाच वर्षांनी येते, मस्टर मात्र दर आठवड्याला भरलं जातं. मधल्या काळात ते वाचायला लोक एकत्र जमू शकले नाहीत, तर मतदाराच्या हातात फार थोडं उरतं.

आता तुझ्या संस्थेचं. मार्च २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की राजकीय हेतू नसताना लोकांच्या प्रश्नावर बंद-हरताळाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून संस्थेला परकीय निधी नाकारता येणार नाही. तो निकाल छापून बैठकीला ने. मोर्चा आणि अर्ज कोणत्या कलमाखाली बंद करायचे, हे विश्वस्तांना विचार आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घे. माहिती अधिकाराचा अर्ज तर नागरिक म्हणून तू स्वतःच्या नावाने करू शकतेस, लेटरहेड लागत नाही. आणि गावातून वर्गणी गोळा करायला याच महिन्यात सुरुवात कर, थोडी आली तरी चालेल. पावतीपुस्तक आधी छापून घे.