हळदीच्या पानावरचा ‘ब्लॉच’ म्हणजे करपा का?

प्रश्न (फोंडा व सत्तरीतील कुळागरवाल्यांकडून, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागा असणाऱ्यांकडून): हळदीच्या पानांचे फोटो दाखवले तेव्हा ‘लीफ ब्लॉच’ असे निदान मिळाले. दुकानदाराने मात्र करप्याचे औषध दिले. दोन्ही एकच का? फवारणी कशाची करावी?

उत्तर: एकच नव्हेत. कड धड नसलेला, वेडावाकडा, शेजारच्या डागात मिसळत जाणारा डाग म्हणजे ब्लॉच. कड स्पष्ट दिसते तो स्पॉट. पानाचा भागच झपाट्याने होरपळतो तो ब्लाईट. खरा घोटाळा आपल्या मराठी नावांचा आहे. कांद्यावरच्या ‘पर्पल ब्लॉच’ला आपण जांभळा करपा म्हणतो; हळदीत मात्र ‘लीफ स्पॉट’ला करपा आणि ‘लीफ ब्लॉच’ला पानावरचे ठिपके! म्हणून दुकानात रोगाचे नाव सांगू नका, पान न्या.

पान उजेडाकडे धरून बघा. ब्लॉचचे (टॅफ्रिना बुरशी) डाग जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरचे, शिरांच्या बाजूने ओळीने, पानाच्या दोन्ही अंगांना. आधी मळकट पिवळे, मग तांबूस तपकिरी. खालच्या पानांपासून सुरुवात होते, डाग मिसळले की सगळे पान गढूळ पिवळे दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रात्री गार आणि सकाळी दव असताना हा वाढतो. करप्याचा (कोलेटोट्रिकम) डाग लांबट, 4-5 सेंटिमीटरपर्यंत, मध्ये राखाडी, आत वर्तुळे व काळे बारीक कण, भोवती पिवळी कड. तो ब्लॉचच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. पोफळीची झावळी पडून ऊन थेट आले तर फक्त उघड्या बाजूचे पान भाजते. त्याला फवारणी नको.

दोन्ही बुरशींवर 1 टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) चालतो, आणि सुपारीच्या कोळेरोगामुळे (पावसाळ्यातली फळगळ) तो तुमच्या हातचा आहे. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम ताजा कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. दोन्ही प्लास्टिकच्या तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळा. घासलेले कोयत्याचे पाते त्या मिश्रणात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी घालत जा. हे टाळले तर मोकळ्या तांब्याने पाने भाजतात आणि ते डाग घेऊन लोक पुन्हा ‘ब्लॉच’ म्हणून येतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) घाला, पानाची खालची बाजूही भिजवा, 15 दिवसांनी पुन्हा फवारा.

पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात वाफवायच्या गोड पदार्थासाठी) पाने खुडता त्या चार ओळी वेगळ्या ठेवा आणि तिथे काहीच मारू नका. नागपंचमी-चवथीच्या दिवसांत बाजारात पाने देणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावे.

बुरशी वाळल्या पानांत टिकते. काढणीनंतर पाला वाफ्यात कुजवत न ठेवता गोळा करून जाळा. बेणे निरोगी वाफ्यातलेच घ्या. मॅन्कोझेब 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा, मगच साठवा.

नमुना आणताना खालचे एक आणि मधले एक पान कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजते आणि डाग ओळखू येत नाहीत.