वाचकांचे प्रश्न: दंडाखाली लोंबणारी त्वचा

प्रश्न: आहार सांभाळून २८ किलो वजन उतरवलं. वय ४४. आता दंडाखालची कातडी लोंबते, पावसाळ्यात काखेजवळ पुरळ येतं. जिममधले सर डंबेल्स मारायला सांगतात. शस्त्रक्रिया केली तर रजा किती लागेल? रोज लोकलने डोंबिवली-सीएसएमटी प्रवास असतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: डंबेल्सने दंडामागचा स्नायू भरेल, कातडी आवळणार नाही, ताणून तुटलेले लवचिक तंतू व्यायामाने जुळत नाहीत. नुसतं लायपोसक्शनही नको. रिकाम्या झालेल्या त्वचेतली उरलीसुरली चरबी काढली, तर ती अधिकच लोंबते. इथे ब्रॅकिओप्लास्टी, म्हणजे जास्तीची त्वचा कापून काढणं, हाच उपाय.

त्याची किंमत म्हणजे काखेपासून कोपरापर्यंतचा व्रण. हात खाली असताना तो झाकला जातो, वर केला की दिसतो. फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि पूर्ण कधीच जात नाही. हे मनाला पटत नसेल तर शस्त्रक्रिया करू नका. कान टोचल्यावर जाड गाठ आली असेल, तर तेही सर्जनना आधीच सांगा.

वजन किमान सहा महिने स्थिर हवं. हिमोग्लोबिन, साखर आणि प्रथिनं तपासून घ्या. भराभर वजन उतरवलेल्यांत प्रथिनं कमी असू शकतात आणि मग जखम नीट भरत नाही. सिगारेट, तंबाखू, मिश्री महिनाभर आधीपासून बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडा काळ्या पडतात.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलेखाली, दोन-तीन तासांची. कापताना दंड सुजत जातो. एकदम सगळी कातडी काढली तर जखम मिटत नाही, म्हणून थोडं कापायचं, थोडं शिवायचं. कोपराच्या वर आतल्या बाजूने हाताच्या संवेदनेची नस जाते; तिच्यावर चरबीचा थर राखला नाही, तर कोपराखालचा आतला भाग बधिर होऊ शकतो. काखेत व्रण सरळ ओढला तर तो आवळून हात वर जात नाही, म्हणून तिथे तो नागमोडी घेतात. सर्जनना वर्षभरानंतरचे, हात वर केलेले फोटो मागा. खाली सोडलेल्या हातांचे फोटो काहीच सांगत नाहीत. एम.सीएच. किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहा.

नंतर चार ते सहा आठवडे घट्ट बाही. घामाने ती भिजते, म्हणून दोन जोड घ्या. जमल्यास मे आणि ऑक्टोबर टाळून डिसेंबर-जानेवारी निवडा. टाके बहुधा काखेतच सुटतात, कारण ताण आणि ओल दोन्ही तिथे. कोपराजवळ पाणी साचून मऊ फुगवटा आला, तर घरी दाबू नका. सर्जन सुईने काढतात. ताप, पू, एकच हात अचानक सुजणं, धाप लागणं: त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखम पूर्ण मिटल्यावर तीन महिने सिलिकॉन जेल लावा.

बैठ्या कामाला दोन आठवड्यांची रजा पुरते. प्रवासाला नाही! वरची कडी धरणं आणि गर्दीचा रेटा निदान सहा आठवडे टाळा. घरून काम किंवा उशिराची वेळ आधीच मागून ठेवा. विमा सहसा हा खर्च देत नाही.

प्रश्न: आईच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या. त्याच हाताची ही शस्त्रक्रिया चालेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: टाळावी. त्या हातातला द्रव वाहून नेणाऱ्या वाटा आधीच कमी झाल्यात. आणखी कापल्या तर हात कायमचा सुजू शकतो. दंड जड वाटत असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ती लोंबती त्वचा नसून सूज असू शकते. आधी त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा.